सावली मोजायची दुपार

उंब्रजजवळच्या हायस्कुलात शनिवारची सकाळची शाळा सुटली, तरी नववीतली संयोगिता घरी जायचं नाव घेईना. मैदानात काठी रोवून ती काठीची सावली मोजत होती. येत्या एकवीस मार्चला भर दुपारी फिनलंड, ब्राझील आणि इथली मुलं आपापल्या गावी अशीच सावली मोजणार होती, आणि आकडे एकमेकांना कळवून पृथ्वीचा घेर काढणार होती.

मुलांचा मजकूर फ्लॉपीत घालून राजाराम मास्तर एसटीनं कराडला जात, तिथल्या इंटरनेटच्या दुकानातून पाठवत, आलेली उत्तरं छापून आणत. संयोगिता गटाची प्रमुख. मास्तरांना तिचं एवढं कौतुक, की सव्वीस जानेवारीला त्यांनी भोंग्यावरून साऱ्या गावाला सांगितलं, आपली संयोगिता फिनलंडच्या मिको नावाच्या मुलाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करते.

गावानं ऐकलं ते एवढंच, की भाऊसोच्या पोरीला परदेशातल्या पोराची पत्रं येतात.

"भाऊसो, जावई विमानातनं येनार म्हनं," पारावर कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. भाऊसो हसला नाही.

महिन्याभरात लग्न ठरलं. नवरा घरचाच, संयोगिताचा सख्खा मामा, लष्करात. त्याची सुट्टी मार्चअखेर संपत होती, म्हणून मुहूर्त धरला तो नेमका एकवीस मार्च, दुपारी साडेबाराचा.

मास्तर धावत घरी गेले. मुलगी चौदाची, कायद्यात बसत नाही म्हणाले. मिको तर तेरा वर्षांचं पोर, हेही सांगितलं. भाऊसोनं सगळं मान खाली घालून ऐकलं.

"मास्तर, तुमच्यावर राग न्हाई. तुमी भलंच चिंतलं. पर भोंगा बंद झाला, गावाची तोंडं न्हाई झाली."

"मी पुन्हा भोंग्यावरून सांगतो. चूक माझी म्हणतो."

"आवं, नगा. आनिक एकदा नाव निघंल तिचं."

दाराआडून संयोगितानं विचारलं, "सर, एकवीसला काठी कोन धरनार?"

 मास्तर तिथून पोलीस पाटलाकडे गेले, तर तो याच लग्नाच्या मांडवाचे बांबू उतरवून घेत होता.

एकवीसच्या दुपारी मैदानात मुलांनी सावली मोजली. मंगलाष्टका तिथवर ऐकू येत होत्या. संयोगिताच्या माया नावाच्या मैत्रिणीनं आकडा लिहून घेतला आणि तोंड फिरवलं.

आठवड्यानं मिकोचं उत्तर आलं. पृथ्वीचा घेर जवळजवळ बरोबर निघाला होता. शेवटी त्यानं विचारलं होतं, संयोगिता लिहीत का नाही, आजारी आहे का? नेहमीसारखं मास्तरांनी सगळं मराठीत करून वर्गाला सांगितलं.

"लगीन झालं म्हनून लिवा, सर," माया म्हणाली.

"लिहितो."

"मग ते इचारतील, इतक्या ल्हान पोरीचं कसं काय?"

"तेही लिहू."

"आनि इचारलं, तवा तुमी समदी कुठं हुता, तर?"

मास्तर फळ्याकडे वळले. त्या दुपारी सगळा वर्ग मैदानात होता, मास्तरही होते. मांडव तिथून हाकेच्या अंतरावर होता.