कोट सोडवून आणला

कुरियरवाल्याने दारात पार्सल हातात द्यायच्या ऐवजी मशीन पुढे केलं आणि म्हणाला, "आधी पैसे भरा."

"कसले?"

तर म्हणे परदेशातून आलंय, त्यावर कर आहे, आणि वर ब्रोकरेज. मी चष्मा लावून आकडा पाहिला. कर जेवढा, जवळपास तेवढीच ब्रोकरेज, आणि त्याला 'आगाऊ भरणा सेवा' नावाचं आणखी एक शेपूट! माझं पित्तच खवळलं.

"ब्रोकरेज म्हणजे दलाली ना? कुणी सांगितली होती तुम्हाला दलाली करायला?"

त्या बिचाऱ्याला उत्तरं द्यायचा पगार मिळत नसावा. "घेणार नसाल तर नकार लिहितो. परत जाईल पाठवणाऱ्याकडे."

मी वाकून पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. खोक्यावर धाकटीचं नाव होतं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. आमच्या बाबांचं रफूचं दुकान. दोघी त्यांच्याच हाताखाली शिकलो, एकाच दिव्याखाली, एकाच डबीतल्या सुया घेऊन. बाबा थकले तेव्हा त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "थोरलीचा हात धाकटीला यायचा नाही." धाकटी सुई ठेवून उठली ती थेट परदेशात. तिकडे कुठल्याशा लाँड्रीत रफूच करते, एवढं कानावर होतं. बाबा गेले तेव्हा फोनवर दोन शब्द बोलली, मग तेही बंद. मी किती फोन केले, उचलले नाहीत. आणि आता तिने आपणहून काहीतरी पाठवलं होतं. ते नकाराचा शिक्का मारून तिच्या दारात परत गेलं असतं, तर आमचं जन्माचं संपलं असतं.

आमचे हे मागून कुजबुजले, "भरून टाक ना. बहिणीपेक्षा पैसे जास्त आहेत का?"

"बहिणीसाठी काय वाट्टेल ते देईन. पण या दलालाला फुटकी कवडी देणार नाही. तो काय माझ्या बहिणीचा नवरा लागतो?"

मी कुरियरवाल्याला बजावलं, "नकार लिहायचा नाही. मी स्वतः सोडवून नेणार आहे, असं लिहा." मी उगाच हवेत बोलत नव्हते. आमच्याकडे एक घड्याळवाला येतो, त्याचे सुटे भाग बाहेरून येतात. त्याने मला केव्हाच सांगून ठेवलं होतं, की कस्टमच्या ऑफिसात आपल्या पायांनी गेलं तर मधला माणूस लागत नाही. जो काय कर असेल तो भरायचा आणि आपली वस्तू घेऊन यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं कुरियरच्या गोदामात हजर. काउंटरवरची मुलगी गोड होती, पण पढवलेली.

"काकू, असं होत नाही. आमच्यातर्फेच क्लिअर करावं लागतं."

"होतं. घड्याळवाल्याचं होतं."

"सिस्टिममध्ये ऑप्शनच नाहीये."

"मग सिस्टिमला सांग, एक बाई कागद घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणावं." मी समोरची खुर्ची ओढली, पिशवीतून एका गिऱ्हाइकाची पँट काढली आणि गुडघ्यावर रफू करायला घेतला. हे शेजारी अंग चोरून बसले, जणू बायको नाही, बाँबच शेजारी ठेवलाय. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. एकाने तर शर्टाची फाटकी बाही पुढे करून भाव विचारला. मी त्याला दुकानाचा पत्ता दिला.

पँटचा गुडघा पुरा व्हायच्या आत आतून साहेब आले, मुलीच्या कानाशी लागले आणि माझे कागद निघाले. सिस्टिममध्ये ऑप्शन उगवला म्हणायचा!

कस्टमचं ऑफिस आवाराच्या पलीकडच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली. तिथले अधिकारी वयस्कर, सर्दीने बेजार. पार्सल मागवून घेतलं, कागद पाहिले, आणि नाक पुसत म्हणाले, "किंमत बरीच लिहिली आहे. उघडून बघावं लागेल."

चिकटपट्टी कापली. आत कोट. बायकी, लोकरीचा, गर्द निळा. मी दोन्ही हातांनी उचलला आणि आमचे हे "वा!" म्हणाले. मी मात्र कापड चाचपत होते. कारण धंद्याची सवय वाईट असते हो. कापड हातात आलं की अंगठा आपोआप फिरतो. रफू डोळ्याआधी अंगठ्याला कळतो. उजव्या कोपरापाशी माझा अंगठा अडकला.

बघते तर तिथे रफू. शिवणीतून धागे काढून भरलेला, आमच्या बाबांच्या पद्धतीचा. म्हणजे कोट जुना! धाकटीने कुणाचा तरी टाकलेला कोट घेतला, दुरुस्त केला, आणि कागदावर कोऱ्या कोटाची किंमत लिहून मला पाठवला. काय दिवस काढत असेल पोर तिकडे! आणि एवढं असून ताईसमोर मान खाली जाऊ द्यायची नाही.

अधिकाऱ्यांनी कोट उलटसुलट केला. "बाई, खरं सांगा, नवा आहे की वापरलेला? वापरलेला असेल तर तुम्हाला कर जवळजवळ लागणारच नाही. मी किंमत कमी करून देतो."

"कमी केली तर पाठवणाऱ्याला कळतं का हो?"

"कळतं तर. किंमत बदलल्याची चिठ्ठी पाठवणाऱ्यालाही जाते."

आता बोला! धाकटीच्या हातात चिठ्ठी पडणार, की तुझ्या ताईने कोट जुना आहे म्हणून सांगितलं. मी आयुष्यात कुणाला एक पैसा जास्त दिलेला नाही. भाजीवाली मला बघून आधीच भाव उतरवते. पण त्या क्षणाला माझ्या जिभेने माझं ऐकलं नाही.

"साहेब, नवा आहे. कोरा करकरीत. बहिणीने लिहिलीय तीच किंमत बरोबर आहे."

ह्यांनी आ वासला. मी त्यांच्या पायावर पाय दिला आणि सगळा कर मोजून भरला. दलाली मात्र शून्य! कोट छातीशी धरून मी त्या काउंटरवरच्या मुलीसमोरून अशी निघाले, की तीही हसून "या काकू" म्हणाली.

घरी आल्याआल्या फोन लावला. या वेळी पहिल्याच घंटीला उचलला.

"मिळाला?" एवढंच विचारलं तिने. आवाज तोच, जरा घोगरा झालेला.

"मिळाला गं. काय सुंदर कोट आहे! नवाकोरा. अगं, एवढा खर्च कशाला केलास?"

ती म्हणाली, "ताई, खोटं बोलू नकोस. कोपराचा रफू तुला दिसला नसेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तो तुला सापडावा म्हणून मुद्दाम जाडसर ठेवलाय."

मी चाट पडले. "मुद्दाम?"

"हो. बाकीचे दोन सापडले का?"

बाकीचे दोन? मी फोन तसाच कानाशी धरून कोट खिडकीत नेला. अंगठा फिरवला. पाठ, खांदे, कॉलर, बटणांची पट्टी. उजेडात धरला, लव उलटी करून बघितली. ह्यांनी न सांगता दुकानातलं भिंग आणून दिलं. काही नाही. एक सलग कापड.

"आगीत होरपळलेला कोट होता," धाकटी सांगत होती. "गिऱ्हाईक टाकून गेलं. अख्खा हिवाळा बसले त्याच्यावर. एक भोक तर हाताच्या पंज्याएवढं होतं. म्हणून किंमत नव्याची लिहिली. रफू दिसतच नसेल तर कोट नवाच ना?"

मी पुन्हा पाठीवरून अंगठा फिरवला. पंज्याएवढं भोक आणि मला सापडू नये! इतक्या वर्षांत माझ्या हातून असा रफू झालेला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, अंगावर काटा आला आणि हसू फुटलं.

"सापडत नाही गं," मी म्हटलं. "मला सापडत नाही. आणि बाबांनाही सापडला नसता. तुझा हात माझ्यापेक्षा सरस आहे. भर दुकानात सांगेन, गिऱ्हाइकांसमोर सांगेन. बाबा चुकले होते."

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, हुंदके गिळत. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. खूप वेळाने नाक ओढून म्हणाली, "सांगू का कुठे आहेत ते?"

"खबरदार सांगितलंस तर! मी शोधणार. तू फक्त फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत," ती म्हणाली. मी कोट उलटा केला, अस्तर बाजूला घेतलं आणि खिडकीशी बसले.