खारे पाणी प्यालेली बरणी

मी एक जुनी बरणी आहे. पण माझ्यात लोणचे नाही. माझ्यात समुद्रातले सहा प्रकारचे बारके जीव आहेत, आणि मी राहते अशा गावात, जिथून समुद्र गाठायचा तर एस.टी.त एक दिवस आणि एक रात्र काढावी लागते. मित्रांनो, लातूरहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. तिथल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, वरच्या फळीवर डावीकडून तिसरी, हिरवट काचेची, ती मी.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या काचेत हवा फुंकून मला साच्यात घडवले. घाईत तळाशी एक बुडबुडा राहून गेला, म्हणून माझी किंमत उतरली आणि हैदराबादच्या बाजारातून चन्नबसप्पांनी मला उचलले. चन्नबसप्पांचे गावात किराणा मालाचे दुकान होते. त्यांनी मला फळीवर सर्वांत पुढे ठेवले आणि माझ्यात लिमलेटच्या गोळ्या भरल्या. मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत. इतके कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. तिथून मला खाली आणले ते अमृतराव सरांनी. महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा विभाग नवा होता आणि संग्रहासाठी मोठी बरणी हवी होती.

"ठेवणार काय हिच्यात?" चन्नबसप्पांनी विचारले.

"समुद्रातले प्राणी. अगदी बारीक."

"किडे म्हणा की सरळ!" गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून चन्नबसप्पा म्हणाले. "न्या. पर एकदा किडे घातले की ही बरणी माझ्या पायरीवर परत दिसू नाही."

अमृतराव सर उन्हाळ्याच्या सुटीत कोकणात गेले. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरचे शेवाळ त्यांनी खाऱ्या पाण्याच्या पातेल्यात झटकले, ते पाणी तलम कापडातून गाळले, खडकाला चिकटलेले जीव सुरीने खरवडून काढले आणि जे हाती लागले ते प्रकारवार निवडून बोटाएवढ्या सहा काचनळ्यांत भरले. नळ्यांच्या तोंडांना कापसाचे बोळे लावले, प्रत्येक नळीवर नावाची चिठ्ठी बाभळीच्या डिंकाने चिकटवली आणि त्या सहाही नळ्या माझ्यात ठेवून मला काठोकाठ स्पिरिटने भरले. लहान जीव जपण्याची हीच रीत आहे. नळी जिवाला सांभाळते आणि बरणी नळीला सांभाळते.

माझे हे पाहुणे म्हणजे खेकड्यांचे आणि कोळंबीचे धाकटे भाऊबंद. सगळे कवचधारी, सगळ्यांचे पाय सांध्यांचे. पण घराण्यांच्या तऱ्हा निरनिराळ्या. अरित्रपाद हा तिळापेक्षाही लहान. वल्ह्यासारख्या पायांनी तो पाणी कापतो, आणि समुद्रातल्या कितीतरी माशांच्या पिलांचे पोट त्याच्यावर चालते. बार्नेकल तरुणपणी पोहतो, मग जागा पसंत करून डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचा चिकटतो, भोवती चुन्याच्या पाट्यांचे घर बांधतो आणि उरलेले आयुष्य पायांनी घास ओढून खातो. समपादाचे सगळे पाय सारखे. उभयपादाचे काही पुढे वळलेले, काही मागे. हे दोघे मेलेले शेवाळ, मेलेले मासे खाऊन किनारा साफ ठेवतात. ऑस्ट्राकोड दोन शिंपल्यांच्या आत दडून राहतो. आणि सहाव्या नळीत होते कुणाचे तरी अर्भक, सुईच्या टोकाएवढे.

सर वर्गात म्हणत, "नाव म्हणजे त्या जिवाच्या घराण्याचा पत्ता. पत्ता चुकला की पत्र भलत्याच्या घरी जाते." हे वाक्य पहिल्या बाकावरच्या शिवकन्येने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले होते. शिवकन्या म्हणजे चन्नबसप्पांचीच मुलगी.

दोन वर्षे सुखाची गेली. मग अवर्षण आले. लातूर जिल्हा वेगळा होऊन जेमतेम वर्ष होत होते. नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता, आणि पाट्यांखालून पाण्याचे टँकर धावत होते. महाविद्यालयाच्या आवारात बोअर घेतली, तर तिला मचूळ, खारट पाणी लागले. जनावरेसुद्धा त्याला तोंड लावीनात.

त्याच उन्हाळ्यात विद्यापीठाने कळवले की, समिती येऊन संग्रह पाहील, आणि संग्रह नीट ओळखून लावलेला असेल तरच प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मान्यता मिळेल. शिवकन्येचे दुसरे वर्ष संपत आले होते. चन्नबसप्पांनी तिला बजावून ठेवले होते, "जिल्हा झाला म्हणतेत ना? मग जिल्ह्यात वर्ग बी निघू दे. इथं निघाला तर शीक, मी आडवा येणार न्हाई. पर औरंगाबादला मी पोरीला पाठवणार न्हाई." म्हणजे मित्रांनो, त्या मुलीचे शिक्षण माझ्यासारख्या बरण्यांच्या भरवशावर उभे होते.

आणि घात माझ्यातच झाला.

मे महिन्याच्या उन्हाने माझ्या झाकणाचे मेण मऊ पडले आणि स्पिरिट उडू लागले. पातळी निम्म्यावर आली. अमृतराव सर उत्तरपत्रिका तपासायला औरंगाबादला गेले होते. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ होती. प्रयोगशाळेचे काम पाहणारे पिराजी रोज मला पुसत आणि रोज हळहळत. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याचे पाणी खारे असते एवढे सरांकडून ऐकले होते. एके सकाळी त्यांनी तांब्याभर पाणी आणले आणि मला पुन्हा काठोकाठ भरले. मला ओरडता आले नाही. बरणीला तोंड असते, पण वाचा नसते.

समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी शिवकन्या प्रयोगशाळा झाडायला आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या हातातला झाडू गळून पडला. बाभळीचा डिंक स्पिरिटला दाद देत नाही, पण पाण्यात विरघळतो. सगळ्या चिठ्ठ्या सुटून तळाशी बसल्या होत्या. नळ्या उघड्याबोडक्या उभ्या होत्या.

"पिराजीमामा! ह्या चिठ्ठ्या कशा सुटल्या?"

"मी न्हाई हात लावलो माय. मी फकस्त पाणी टाकलो."

"पाणी? कुठलं पाणी?"

"आपल्या बोअरचं." पिराजी गोंधळून म्हणाले. "जीव उघडे पडून राहिलते. म्हनलो, समुद्राचे हायेत, खारट पाण्याला सरावलेले. ढोरं पीनात ते पाणी, पर ह्यांना तर घरचंच लागंल."

शिवकन्येला हसावे की रडावे कळेना. मग तिने सांगितले की पाण्याने स्पिरिट पातळ होते, आणि पातळ स्पिरिटात जीव कुजतात. पिराजी मटकन खाली बसले. "मग मी मारलो का गं त्यांना?"

"ते दोन वर्षांमागंच मेलेत, मामा. तुम्ही उठा. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून स्पिरिट आणा. पळा!"

पिराजी खरोखरच पळाले. शिवकन्येने एकेक नळी उन्हाला धरून पाहिली. कापसाच्या बोळ्यांनी पाणी आत शिरू दिले होते, पण अगदी सावकाश. जीव शाबूत होते. तिने पहिला सुस्कारा टाकला तो तेव्हा. मी दुसरा टाकला असता, पण मी गळ्यापर्यंत भरलेली होते.

चिठ्ठ्या मात्र पाचच वाचता येत होत्या. सहावीचा लगदा झाला होता. कोणती चिठ्ठी कोणत्या नळीची, हे सांगायला सर गावात नव्हते. ते दुसऱ्या दिवशी समितीच्याच गाडीतून येणार होते.

दुपारी चन्नबसप्पा लेकीचा डबा घेऊन आले.

"काय झालं गं अव्वा? तोंड कामून उतरलंय?"

तिने सांगितले. ते हसले. "एवढंच? लाव की कुठली बी चिठ्ठी कुठं बी. किडा तो किडा. कोण वळखतंय?"

"अप्पा, तुम्ही तुरीच्या डाळीत स्वस्तातली लाखाची डाळ मिसळता का? गिऱ्हाईक तरी कुठं वळखतंय?"

"तोंड सांभाळ! चाळीस वर्सं झाली दुकानाला, एक दाणा..." चन्नबसप्पा मध्येच थांबले. त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि टोपी काढून घाम पुसला. "बरं. दाखव कुठं हायेत ते."

खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला होता. गळ्यातले लिंग सदऱ्याच्या आत सारून चन्नबसप्पांनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"ह्याच्या कपाळात एकच डोळा हाय की गं!"

"शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतात का? मग तो अरित्रपाद."

"महादेवाला बी जास्तीचा डोळा कपाळातच हाय," ते पुटपुटले, आणि त्यानंतर मी त्यांच्या तोंडून 'किडा' हा शब्द ऐकला नाही.

ऑस्ट्राकोड तर त्यांनी भिंगाशिवायच ओळखला. दोन दळांत मिटलेला तो जीव त्यांना न भरडलेल्या तुरीसारखा दिसला. बार्नेकलच्या पाट्या कुणालाही दिसण्याजोग्या होत्या. अडले ते समपाद आणि उभयपाद यांपाशी. दोघेही भाताच्या शिताएवढे, दोघेही अंग मुडपून गोळा झालेले. पाय पोटाखाली असे गुंतले होते की, सारखे की निराळे, ठरवता येईना. शिवकन्येने दोघांना दोन काचेच्या बशांत काढले आणि सुईने उलगडू लागली. एक पाय तुटला. तिचे डोळे भरून आले.

"सुईनं काय टोचून राहिलीस? आण इकडं." चन्नबसप्पांनी बशी हातात घेतली आणि दुकानात ताटातले धान्य निवडतात तशी हलके हलके झुलवली. मग दुसरी. पुन्हा पहिली. "हे बघ. हा कितीबी हलव, कडेवरच पडतो, शेंगेवानी. अन् हा पोटावर बसतो, तव्यावरल्या भाकरीवानी. अंगच निराळं हाय दोघांचं. पाय कशाला मोजायचे?"

शिवकन्या पाहतच राहिली. उभयपाद दोन्ही कुशींकडून चपटा आणि समपाद वरून खाली चपटा, हे वाक्य तिने परीक्षेत दोनदा लिहिले होते; पाहिले मात्र आज. तिने दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या, शिसपेन्सिलीने जाड कागदावर पुन्हा नीट लिहिल्या आणि या वेळी डिंक न लावता नळीच्या आत सोडल्या. पाचही नळ्यांना आपापले पत्ते मिळाले. सहावी तिने बिननावाचीच ठेवली, आणि पिराजींनी आणलेले ताजे स्पिरिट नळ्यांत आणि माझ्यात भरले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. समितीत प्राणिशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांनी नळ्या पाहिल्या, मान हलवली आणि मग माझ्या काचेवर बोट फिरवले. "ही पांढरी रेघ कसली? क्षारांची दिसते."

अमृतराव सरांनी चमकून पाहिले. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. तेवढ्यात दाराशी उभे असलेले पिराजी दोन पावले पुढे आले. "मी खारं पाणी टाकलो, बाई. पोरीचं काही न्हाई त्यात."

मग शिवकन्येने सगळे सांगितले, चिठ्ठ्यांचे आणि बशीचेही. बाईंनी शांतपणे ऐकले आणि सहावी नळी उचलली. "हिच्यात नाव का नाही? एकच तर उरली होती. अंदाजाने लिहायचे."

"कुणाचं तरी पिल्लू आहे, एवढंच दिसतं मॅडम. कुणाचं, ते मला येत नाही. अंदाजानं लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या मुली तेच पाठ करतील."

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पुष्कळ वेळ पाहिले. "मलाही इथे सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

अमृतराव सर खाकरले. "मॅडम, त्या चिठ्ठीवर मीसुद्धा प्रश्नचिन्हच काढले होते."

बाई मोठ्याने हसल्या. मग सगळेच हसले. पिराजी सर्वांत उशिरा हसले, कारण आपल्याला हसण्याची परवानगी आहे की नाही, हे त्यांनी आधी सरांच्या चेहऱ्यावर पाहून घेतले.

जूनमध्ये पत्र आले. पाऊस अजून नव्हता, टँकर चालूच होते. सरांनी प्रयोगशाळेत उभे राहून ते वाचले : तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मान्यता. चन्नबसप्पा दुकान उघडे टाकून आले होते. त्यांनी पत्र सरांच्या हातून घेतले, स्वतः एकदा वाचले, घडी घालून परत दिले आणि लेकीला म्हणाले, "चल, वह्या घेऊ. दोनशे पानी घ्यायच्या का शंभर पानी?"

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्याकडे हल्ली कोणी फारसे पाहत नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. मागणे एवढेच आहे. जे तुमच्या हाती सांभाळायला दिले आहे, त्याची पातळी आठवड्यातून एकदा पाहत जा. उतरली असेल तर काय भरायचे ते जाणत्याला विचारा; नुसती माया करून भागत नाही. आणि चुकीचे काही भरलेच, तर पिराजींसारखे दोन पावले पुढे येऊन सांगा. माझ्यातले सहाही जीव आजवर टिकले, ते पिराजींनी आदल्या दिवशी शिवकन्येलाही असेच न लपवता सांगितले म्हणून.