चार बोटं पुढची रेषा

मैदानाच्या माळ्याला माणसांपेक्षा गवत बरं वाटायचं. गवत निदान थापा तरी मारत नाही! क्लबच्या स्टेडियममध्ये माणसं मावतात नऊ हजार, आणि एकतीस वर्षांपूर्वीचा तो गोल 'या डोळ्यांनी पाहिला' म्हणणारे निघतील पन्नास हजार. त्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि क्लबचा इतिहास तो काय? शंभर वर्षांत एक चषक, तोही त्या एका गोलावर. बाकी सगळी वर्षं मार खाण्यात गेली, पण मिजास अशी की विचारू नका.

गोल मारणारा आता क्लबचा अध्यक्ष झाला होता. तेव्हा त्याला पळायला दम नव्हता, आता खुर्चीतून उठायलाही नाही. ज्याच्यावर गोल झाला तो पाहुण्या संघाचा गोलकीपर म्हणजे माळ्याचा सख्खा मेहुणा. चेंडू आत गेलाच नाही, असं बिचारा पंचांना घसा फोडून सांगत होता. तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्यात गोलाचं ते त्रेसष्टावं मिनिट लागलं की अख्खं स्टेडियम उभं राहून त्याच्या नावानं कोकलतं, "चाळण! चाळण!" टक्कल पडलेली, नातवंडं झालेली माणसं ही! लाज नाही, शरम नाही.

मेहुण्यालाही माळी मनातून कमीच लेखायचा. माळ्याची मुलगी नेमकी त्या सामन्याच्या दिवशी जन्मली. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला केक घेऊन पहिला हजर कोण, तर हा. ज्या दिवशी नाक कापलं गेलं त्याच दिवशी बसून दोन-दोन तुकडे चापायचे! कोडगा लेकाचा, असं माळ्याला वाटायचं.

शताब्दीसाठी क्लबनं स्टँडखालच्या खोलीत संग्रहालय काढलं. मधोमध काचेची पेटी, आत चुन्याचा पट्टा मारलेलं गवत, वर पाटी: 'हीच ती रेषा'. ते गवत माळ्यानं शेडमागून खणून दिलं होतं. अध्यक्ष त्या पेटीसमोर डोळे पुसून गेले.

"उद्या उद्घाटनाला मेहुण्याला आणा," अध्यक्ष म्हणाले. "हातात चाळण देऊन पेटीमागे उभा करू. लोक फोटो काढतील. तो काही वाईट वाटून घ्यायचा नाही."

"बरं साहेब," माळी म्हणाला. इतकी वर्षं तो हेच म्हणत आला होता.

खरं काय ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. सामन्याच्या सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. घाईघाईत त्यानं गोलरेषेची दोरी खांबांच्या चार बोटं पुढे ताणली आणि तशीच रेषा मारली. चेंडू चुन्याची रेषा ओलांडून गेला, पण खांबांच्या आत नव्हता गेला. संध्याकाळी त्यानं ती रेषा खरवडून टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं. बोलला असता तर नोकरी गेली असती.

मेहुणा घरी चहा गाळत होता. माळ्यानं निरोप सांगितला. मग कधी नव्हे ते त्याला राहवलं नाही, आणि त्यानं दोरीचं सगळं सांगून टाकलं.

मेहुण्यानं गाळणं बाजूला ठेवलं. "माहीत आहे मला, दाजी. सामना संपल्यावर हातमोजे उचलायला गेलो, तेव्हाच रेषा पाहिली."

"मग बोलला का नाहीस?"

"तक्रार करायला निघालोच होतो. कार्यालयात तुम्ही फोन कानाला लावून रडत होतात, मुलगी झाली म्हणून. त्या दिवशी तुमची नोकरी घालवली असती, तर ताईनं पोरीला वाढवलं कशावर असतं?" त्यानं कप पुढे सरकवला. "घ्या, निवतोय."

माळ्यानं कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. आयुष्यभर त्यानं एकेकाला नावं ठेवली होती, आणि त्या सगळ्यांत हलका माणूस तो स्वतःच निघाला. त्याला स्वतःची किळस आली.

"किती वाजता यायचं उद्या?" मेहुण्यानं विचारलं.

"तू यायचं नाहीस."

"मग चाळण कोण धरणार?"

"मी धरतो," माळी म्हणाला. "आणि माइकही मीच धरतो."