निर्वात डब्यातला टिळा

काटा : १०००

मी एक जुना पोलादी डबा आहे, आणि मित्रांनो, आत काहीही नसणे हेच माझे काम होते.

वर दिसतो तो काटा माझाच. माझ्या पोटात किती हवा उरली आहे ते तो सांगतो. हजार म्हणजे तुमच्या खोलीत आहे तेवढी. गोष्ट पुढे जाईल तसा काटा खाली उतरेल. त्याच्यावर लक्ष असू द्या.

बारा वर्षांपूर्वी पिरंगुटच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. शेड शेखर नावाच्या मालकाची. मला वेल्डिंग करून जोडले ते गेणबांनी. ते कोळवणहून सकाळच्या पहिल्या एसटीने येत, जेवणाचा डबा खुंटीला अडकवत आणि आधी माझ्या अंगावरून हात फिरवत. काम संपल्यावर त्यांनी मला आतून स्पिरिटने पुसले, पांढरे हातमोजे घालून. शेखरने सगळ्यांना बजावले होते, "आता आत बोट लावायचं न्हाई. बोटाचं तेलबी त्यांना चालत न्हाई."

ते म्हणजे पौडच्या पुढच्या प्रयोगशाळेतले लोक. त्यांच्याकडे एक त्वरक होता. हा यंत्रभाऊ एसटीएवढा लांब. तो प्रोटॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग देई. त्या कणांच्या धारेला तिथे किरण म्हणत. वाटेत हवा असली की कण हवेवरच आपटतात. म्हणून वाटेच्या शेवटी त्यांना माझ्यासारखा डबा लागे: बंद, कोरडा, रिकामा.

मला न्यायला टेंपो येणार त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. शेडमधल्या लेथला झेंडूची माळ, ड्रिलला हळदकुंकू, हातोडीलासुद्धा कुंकू. सगळे नारळ फोडायला बाहेर गेले. गेणबा मागे राहिले. त्यांनी हातमोजा काढला. माझ्या तोंडातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि समोरच्या भिंतीवर कुंकवाचे एक बोट लावले. तुरीच्या डाळीएवढे.

मला फार बरे वाटले, हे खोटे कशाला बोलू?

काटा : १

प्रयोगशाळेत मला बसवले आणि पंप सुरू झाला. हवा जाताना कशी वाटते? गर्दीची जत्रा संपते तशी. आधी भराभर, मग एकेक.

मृण्मयी काट्यासमोर बसली होती. हा प्रयोग तिचा. त्वरक चालवणारा निषाद तिला म्हणाला, "एवढा वेळ का लागतोय?"

"नवा डबा आहे. रुळेल."

तिला तीन दिवस किरण मिळाला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला तो दुसऱ्या गटाकडे जाणार, आणि तिची पुढची पाळी थेट पुढच्या वर्षी. माझ्या मधोमध तिने टायटॅनियमचा एक पत्रा टांगला होता. पत्रा कसला, कांद्याच्या पापुद्र्याहून शंभरपट पातळ. दहा महिन्यांत तिने असे वीस बनवले. एकोणीस फाटले. हा विसावा.

काटा : ०.०००००१

आत शांत.

शांतसुद्धा नाही. शांत असायला काहीतरी लागते.

मग किरण आला.

मित्रांनो, कोळवणच्या उतारावरची भातखाचरे आठवा. खालच्या खाचरातले पाणी सरले की वरच्यातले पाणी बांधावरून खाली येते. अणूच्या आत इलेक्ट्रॉन असेच पायऱ्यांवर राहतात. धावता प्रोटॉन सगळ्यांत आतल्या पायरीवरचा एक इलेक्ट्रॉन उडवतो. जागा रिकामी होते. वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन खाली उतरतो, आणि उतरताना क्ष-किरणाचा एक कण सोडतो. लोखंडाचा वेगळा, टायटॅनियमचा वेगळा. कोणाचा आहे ते त्याच्या ऊर्जेवरून ओळखता येते. वेग जरा कमी ठेवला तर प्रोटॉन टायटॅनियमचा आतला इलेक्ट्रॉन किती वेळा उडवतो, हे मृण्मयीला मोजायचे होते.

पडद्यावरच्या आलेखात टायटॅनियमचे शिखर उभे राहिले. पत्र्यामागच्या माझ्या भिंतीतल्या लोखंडाचेही आले, ते येणारच होते. आणि टायटॅनियमच्या शेजारी आणखी एक.

"कॅल्शियम," मृण्मयी म्हणाली. "हे कुठून आलं?"

मला माहीत होते. पण डब्याला विचारतो कोण?

निषाद हळूच म्हणाला, "पत्र्यात भेसळ दिसतेय. मोजमाप बाद. सोड आता."

"एकोणीस फाटले तेव्हा सोडलं नाही. आता सोडू?"

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाहेरची मूठ फिरवून पत्रा किरणाच्या वाटेतून बाजूला केला. पत्र्याशिवाय नुसता किरण सोडला.

टायटॅनियम गेले.

कॅल्शियम तिथेच.

ती खुर्चीतून उठली. "भेसळ पत्र्यात नाहीच! डब्यात आहे."

आनंद क्षणभरच टिकला. माझ्या आत पंचवीस सांधे, चाळीस स्क्रू, चार खिडक्या. एकेक भाग सोडवून पुसायचा तर दोन दिवस हवेत. तिच्याकडे दीड होता. मला बसवताना तिने समोरच्या भिंतीवरचा डाग पाहिला होता, पण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादावर पडतो तसा तो तिला वाटला होता.

तिने शेखरला फोन लावला, दोन्हीकडे स्पीकर चालू.

"मॅडम, आमच्या हितं आत माशी जात न्हाई. तुमचंच काईतरी सांडलं आसंल."

"शेखरदादा, मला दोष द्यायचा नाही, जागा हवीय. कॅल्शियम आहे. म्हणजे खडू, रांगोळी, चुना, काहीही..."

"माझी मानसं आसलं करीत न्हाईत."

पलीकडे लेथ थांबल्याचा आवाज आला. मग दुसराच आवाज.

"चुना म्हंजी... कुकवात घालत्यात, त्यो?"

"कोण बोलतंय?"

"गेणबा. म्या लावलंय बोट. नवमीला. घरचं कुकू हाय, आमची चंद्राबाई हळदीला चुना लावून करती."

"आवो गेणबा!" शेखर ओरडला. "बजावलं व्हतं ना तुमाला? आता ही आर्डर गेली म्हनायची!"

"बजावलं व्हतं. पन समद्या मशिनींना लावलं आन ह्यालाच न्हाई? आन ह्याचं काम आत हाय. भायेर लावून काय उपेग?"

मृण्मयीने डोळे मिटले. "काका, नेमकं कुठं लावलंत?"

"त्वांडातनं हात घातला की म्होरं भिंत लागती बगा. तिच्या मदोमद. कपाळाला लावत्यात तसं."

किरण पत्र्यातून पार होऊन नेमका तिथेच आपटत होता.

काटा : १०००

दुपारी गेणबा स्वतः आले. कोणाकडे न बघता त्यांनी हातमोजे घातले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एकदाही न चाचपडता ती जागा पुसली. पाच वेळा, दर वेळी नवा कपडा. निषाद पुटपुटला, "काका, देवाला राग नाही ना येणार?"

"यील तर माज्यावर यील. पोरीचं काम व्हऊं द्या."

काटा : ०.०००००१

टायटॅनियम.

लोखंड.

शेजारी कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना मृण्मयीने मान वर केली. "झालं."

काटा : १०००

आता माझ्या जागी मोठा डबा आला आहे. मी दर्शनी दालनात, काचेच्या कपाटाशेजारी असतो. नंतरच्या सगळ्या ऑर्डरी शेखरकडेच गेल्या, कारण मृण्मयीने प्रयोगशाळेला कळवले होते: चुकले तर सांगणारी माणसे इथे आहेत. त्या कॅल्शियमच्या शिखराचा कागद तिने गेणबांना दिला होता. "हे तुमच्या घरचं कुंकू." चंद्राबाईंनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारले, "चुना जास्त पडला व्हय?" हे मला गेणबांनीच सांगितले, पुढच्या खंडेनवमीला. तेव्हापासून दरवर्षी ते येतात आणि मला कुंकू लावतात. बाहेरून.

शाळेतली मुले मला बघायला येतात. सर पाठमोरे झाले की माझ्यात हात घालतात. मला राग येत नाही. पण कुठे "हात लावू नका" लिहिलेले असेल, तर ते का लिहिले आहे ते आधी विचारा. आणि बोट लागलेच, तर सांगून टाका. किरण शेवटी सगळे शोधून काढतो, मित्रांनो. फक्त त्याला दीड दिवस लागतो, आणि "म्या लावलं" म्हणायला एक श्वास.