बेचाळीसपैकी सतरा

रंजीता काळबांडे शाळेच्या फाटकातून आत आली तेव्हा मुलं व्हरांड्यात जेवायला बसली होती. कुणाशी बोलण्याआधी तिने ताटं मोजली. सतरा. पुन्हा मोजली, तरी सतराच. तिच्या हातातल्या कागदावर बेचाळीस लिहिलं होतं.

मानोरा गावाच्या पुढे असलेल्या या तांड्यावरच्या निम्म्या घरांना दिवाळीनंतर कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावातच दोन वेळच्या जेवणाची सोय करायची आणि झोपायला त्यांनी आजी-आजोबांकडे, काका-मामांकडे जायचं, याला हंगामी वसतिगृह म्हणतात. पैशाचा मोठा वाटा केंद्राचा. राज्य त्यात आपला हिस्सा घालून तो शाळांपर्यंत पोचवतं, आणि तो खरंच मुलांच्या पोटात गेला का, हे पाहायला माणसं पाठवतं. रंजीता त्यांच्यातली एक. मूळची रिसोडची, नोकरी पुण्यात. तीन वर्षांत तिने बरंच पाहिलं होतं. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावाहून आणून बसवलेली मुलंसुद्धा.

मुख्याध्यापक पंजाबराव इंगोले धोतराने हात पुसत बाहेर आले. वय सत्तावन्न, अंगात खादीचा सदरा.

"बाकीची पंचवीस मुलं कुठे आहेत, सर?"

"उसाच्या फडात," पंजाबराव म्हणाले.

आता आजारपणं, लग्नं, जत्रा असं काहीतरी ऐकावं लागणार, म्हणून ती तयारीत होती. त्यांनी मात्र कपाटातून हजेरी काढून तिच्यापुढे ठेवली. पंचवीस नावांपुढे गैरहजेरी लागलेली होती, आणि कडेला बारीक अक्षरात कारण: आई-वडिलांसोबत गेला. आई-वडिलांसोबत गेली.

"हजेरीत सतरा आणि महिन्याच्या अहवालात बेचाळीस?"

"अहवालात मंजूर आकडा आधीच भरून येते, मॅडम. तो बदलाले जागाच नाई त्यात. म्हणून म्या दोनदा पत्र लिवलं." त्यांनी पत्रांच्या प्रती काढल्या. दोन्हींवर पोच मिळाल्याचा शिक्का होता. उत्तर एकाचंही नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या प्रयागबाई हातात पळी घेऊनच दारात आल्या. "पोट्टे गेल्यावर मोजाले आल्या का तुमी? तवा कुठं होत्या?"

"प्रयागबाई, राहू द्या," पंजाबराव म्हणाले.

"काहून राहू देऊ? मास्तर नाई बोलत तर मी बोलतो. सप्टेंबरात घरोघरी फिरून यादी केली यानं. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मुकादमाचे ट्रक आले. अन् तुमचा कागद आला डिसेंबर संपता संपता. मधात पोट्ट्यायनं काय खावं?"

रंजीताने हातातला कागद बाजूला ठेवला. तिने हळूहळू सगळं विचारून घेतलं. मंजुरी येईना तेव्हा पंजाबराव आणि प्रयागबाईंनी घरोघरून ज्वारी आणि तुरीची डाळ मागून आणली आणि चूल पेटवली होती. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती ती सतरा मुलं राहिली. बाकीच्यांच्या आई-बापांनी नुसत्या तोंडी भरवशावर मुलं मागे ठेवली नाहीत. मागून आणलेल्या धान्याचा एक दाणाही अनुदानाच्या खर्चात दाखवलेला नव्हता. पंचवीस मुलांच्या वाट्याची रक्कम खात्यात तशीच पडून होती.

चोरी कुठेच नव्हती. तरी नियम साफ होता. मंजूर मुलांच्या निम्मीही हजर नसतील तर वसतिगृह बंद आणि मुख्याध्यापकांची चौकशी.

"पालकांचे फोन नंबर आहेत?" तिने विचारलं.

पंजाबरावांनी वही दिली. तिसरा नंबर लागला. लखीराम राठोड. मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

"तुमची मुलगी रोशनी चौथीत आहे ना? तिला सोबत का नेलं?"

"मास्तरनं सांगतलं होतं, थांबा म्हणून," लखीराम म्हणाला. "पण मुकादमाचा ट्रक थांबते का, मॅडम? घरी कोनी नाई. जेवनाचं पक्कं नाई. कोनाच्या भरवशावर ठेवू पोरीले?"

"आणि पक्कं असतं तर?"

"तर मी कायले आनू तिले हितं? दिवसभर लहान्याले घेऊन बसते खोपीत. पुस्तक आनलं होतं तिनं. अवकाळी पावसात भिजलं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रंजीताने सगळ्या पंचवीस घरांना फोन लावले. एकवीस लागले. मग शेजारच्या चार तांड्यांवर जाऊन तिने फक्त दोनच तारखा लिहून घेतल्या: ट्रक कधी गेले आणि मंजुरी कधी आली. सगळीकडे मधे दीड-दोन महिने होते.

मुक्कामाच्या खोलीवरून तिने पुण्याला आपल्या वरिष्ठ शुभांगी मॅडमना फोन केला.

"बेचाळीसपैकी सतरा," मॅडम म्हणाल्या. "मग शिफारस ठरलेलीच आहे. बंद करा."

"मॅडम, मुलं गेली कारण आपली मंजुरी उशिरा आली. मी तेच लिहिणार आहे."

"मार्चमध्ये केंद्राची समिती येतेय. आपल्याच अहवालात आपलीच चूक लिहायची?"

"नाही लिहिली तर ती इंगोले सरांची ठरेल. त्यांनी दोनदा पत्र लिहून कळवलं होतं. आपण वाचलं नाही."

"लिहा," शेवटी मॅडम म्हणाल्या. "पण एकेका तारखेचा पुरावा जोडा. मला बैठकीत तो अहवाल घेऊन उभं राहायचंय."

निघण्याआधी ती पुन्हा शाळेत गेली. पंजाबरावांनी एकच विचारलं, "पोट्टे आता वापस आले, तर चालन का?"

"रक्कम त्यांच्याच नावाची आहे. आली त्या दिवसापासून जेवतील. पण अर्ध्या हंगामात कोण पाठवेल, सर?"

शुक्रवारी पंजाबरावांनी रजेचा अर्ज टाकला आणि एसटीने निघाले. दोन गाड्या बदलून, पुढे कारखान्याच्या ट्रॅक्टरवर बसून ते फडात पोचले. मंजुरीच्या कागदाची प्रत त्यांच्या पिशवीत होती. एकेका खोपीपुढे बसून त्यांनी तो वाचून दाखवला. काहींनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. एका बाईने, लहान्याला कोण सांभाळेल, म्हणून वाद घातला. लखीरामने मात्र रात्रभर विचार केला आणि सकाळी रोशनीचं गाठोडं बांधलं. तिला राहायला कुठे ठेवणार, हे त्याने तीनदा विचारलं.

"माह्या घरी," पंजाबराव तिसऱ्यांदाही म्हणाले.

चौथ्या दिवशी ते अकरा मुलं घेऊन परतले. प्रयागबाईंनी फाटकातच त्यांची तोंडं धुवायला लावली आणि डोक्यात उवा आहेत का ते पाहिलं. मग रोशनीला जवळ ओढून म्हणाल्या, "केवढी वाळली व माय तू!" आणि डोळे पुसत आत गेल्या.

अहवालावरून व्हायची ती गडबड झाली. रंजीताला लेखी खुलासा द्यावा लागला. बैठकीत कुणी म्हणालं, एका तांड्यावरून धोरण ठरत नसतं. शुभांगी मॅडमनी पाच तांड्यांच्या तारखा पुढे ठेवल्या, आणि फडातून परत आलेल्या अकरा मुलांची हजेरीही. केंद्राच्या समितीने ती पानं वाचली आणि विचारलं, पहिला हप्ता हंगामाआधी सोडायला अडचण काय आहे? पुढच्या हंगामापासून तसंच करायचं ठरलं. वसतिगृह चालू राहिलं आणि इंगोले सरांची चौकशी झाली नाही. उरलेल्या चौदा मुलांची रक्कम नियमाप्रमाणे परत गेली. अहवालाच्या नमुन्यात मात्र एक नवा रकाना आला: प्रत्यक्ष हजर.

पुढच्या वर्षी मंजुरी दसऱ्याच्या आधी पोचली. पंजाबरावांनी ती लगेच तांड्यावर वाचून दाखवली. यादीत चाळीस मुलं होती. तेहतीस राहिली. सात गेलीच. त्यांतल्या दोघी मोठ्या मुली होत्या, आणि त्यांच्या आयांशी पंजाबराव अजून फोनवर बोलत होते.

नोव्हेंबरात रंजीता तपासणीला आली तेव्हा रोशनी पाचवीच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचत होती. वाचताना अडली की बोट त्या शब्दावर ठेवून थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. रंजीता पूर्ण धडा संपेपर्यंत दाराशी उभी राहिली.

मग प्रयागबाईंनी तिला चुलीपाशी बोलावलं. "या पातेल्यात तेहतीस जनाची भाजी मावत नाई. दोनदा करा लागते. मोठ्या पातेल्याले पैसे भेटतात का तुमच्या नियमात?"

"भांड्यांसाठी वेगळा भाग आहे. सरांना सांगा, तीन दुकानांचे भाव मागवून अर्ज करा."

"तीन दुकानं कायले? मानोऱ्यात सैफुद्दीनभाईकडं चांगली भेटतात."

"तीनच लागतात, प्रयागबाई."

"बरं, तीन तर तीन," प्रयागबाई म्हणाल्या आणि तिच्यापुढे ताट सरकवलं. "आता बसा. अन् जेवल्यावर मोजा."