मोरी किती टक्के बुजेल?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि जात्याच भित्रा आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी पावसाचे आकडे आहेत. धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजाररस्त्यावर नूतनताईंचे दोन खोल्यांचे ऑफिस आहे. ताई इंजिनीअर आहेत. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षे नाल्यांची आणि पाण्याची गणिते केली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पूजा केली, तेव्हा कुंकू कळफलकात सांडले. ते अजून शून्याच्या बटणाखाली आहे.

चार वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या चढावर नवी वसाहत ठरली. शेतात मुरणारे पाणी आता छपरांवरून आणि सिमेंटच्या रस्त्यांवरून एकदम खालच्या टोलीवर, म्हणजे जुन्या वस्तीवर धावणार होते. म्हणून मध्ये एक तळे हवे होते. पावसाचा लोंढा त्यात थांबावा आणि तळाच्या मोरीतून हळूहळू निघून जावा. असे तळे पावसाआधी रिकामेच असावे लागते.

ताईंनी ते तळे आधी माझ्यात बांधले. तळाची उंची भरली, किती उंचीला किती पाणी मावेल ते भरले. मग पाणी बाहेर सोडणारी सिमेंटची टाकी, तिला खाली मोरी आणि जास्तीच्या पाण्यासाठी वर एक खिडकी. तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला : मोरी किती टक्के बुजेल?

त्याच वेळी ताईंचे वडील बकाराम डबा घेऊन आले होते. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "एवढं पानी सोडून द्याचं? कायले?"

"बाबा, हे तळं रिकामंच ठेवाचं असते."

"रिकामं तळं! पोरी, आपल्याकडं धानाले पानी देनारी बोडी रिकामी ठेवते का कोनी?"

ताई हसल्या आणि माझ्या चौकटीत त्यांनी शून्य लिहिले. पडद्यावरची रेघ हिरवी झाली. तळे बांधून झाल्यावर ताईंचा सत्कार झाला, माझेही कौतुक झाले. मला मात्र त्या शून्याची धास्तीच वाटत राहिली. पण आम्हा यंत्रांचे कसे, विचारल्याशिवाय बोलायची सोय नाही.

गेल्या सप्टेंबरात धान गर्भात होते, लोंबी फुटायला पाणी हवे होते आणि दहा दिवस पावसाने दडी मारली होती. एका दुपारी बकाराम मोठ्या खुशीत ऑफिसात आले.

"नूतन, मागच्या पान्यातच तुया तळ्याच्या मोरीले बोळा लावला. तणस अन् चिखल, चांगला दाबून. काठोकाठ भरलं आहे आता. उद्या धानाच्या चार बांध्या भिजवतो."

बाहेर आभाळ काळेकुट्ट झाले होते. अतिवृष्टीचा इशारा सकाळीच ताईंच्या फोनवर आला होता. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी जुनी फाईल उघडली. सुरुवातीचे पाणी : काठोकाठ. मोरी बुजली : शंभर टक्के.

मी गणित मांडू लागलो. छातीतला पंखा घरघरू लागला. रेघ वर चढली, खिडकी ओलांडून गेली, बांधाच्या माथ्यावर पोचली आणि लाल झाली. मुसळधार पाऊस सुरू झाल्यापासून फक्त सव्वा तास.

बकारामांना इंग्रजी अक्षरे येत नव्हती, पण लाल रंग कळला. त्यांनी पडद्यावरच्या नकाशात बांधाखालच्या पहिल्या घरावर बोट ठेवले.

"हे सुशीचं घर होय ना?"

"हो, बाबा."

सुशीलाबाई त्यांची धाकटी बहीण. पाय मोडून महिनाभर खाटेवर पडून होत्या.

"म्याच बुजवली ना," ते उठले. "मीच काढतो."

"पान्यात नाही उतराचं! मोरी पाय ओढून घेते. बांबूले आकडी बांधू अन् वरून ओढू."

दोघे मोटरसायकलवरून निघाले, तोच पत्र्यावर थेंब ताडताड वाजू लागले. मग वीज गेली. थोडा वेळ बॅटरी शिट्ट्या मारत राहिली आणि मी विझलो. सव्वा तास मला ठाऊक होता, पण तो कसा सरला ते कळायची सोय नव्हती. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला सुरू केले, तेव्हा बकाराम समोर बसले होते. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. बोळा निघाला होता. पाणी सुशीलाबाईंच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले आणि तिथून उतरले. माझा जीव भांड्यात पडला.

बकाराम रडत होते. "सुशी खाटेवरून हाका मारत होती," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"बाबा, शून्य मी लिहिलं होतं," ताई म्हणाल्या. "तुमची पोरगी असून."

मागच्या आठवड्यात ऑफिसात नवा संगणक आला. मी आता कोपऱ्यात आहे. धूळ पुसली नाही तरी चालेल, मित्रांनो, पण यंत्र एखादा प्रश्न विचारते तेव्हा घाईने शून्य लिहू नका. आधी आपली माणसे आठवा.

नव्या संगणकाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा बकाराम ताईंच्या मागे उभे होते.

"त्याले सांग," ते म्हणाले, "का इथं बकाराम रायते. तो मोरी बुजवते."

ताईंनी चौकटीत शंभर लिहिले.