जाळीतली फुलं

नरेलला कुणी नुसतं "हे कसलं झाड?" विचारलं, की पुढचा पाऊण तास त्या माणसाचा राहत नसे. टेकडीवरच्या सार्वजनिक वनस्पती बागेत ती दर गुरुवारी पाहुण्यांना हिंडवायची, तेही फुकट. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिचा सगळा तोरा त्या बागेवर होता. सप्टेंबरात वॉराटाची लालभडक फुलं आणि बँक्सियाचे कणसासारखे तुरे आले, की ही त्यांच्यामधून अशी चालायची, जणू सगळं हिनेच फुलवलंय.

त्या सप्टेंबरात सिडनीहून तिची थोरली बहीण ग्लेनिस आली. धाकटीचं म्हणून ग्लेनिसने कधी कशाचं कौतुक केलं नव्हतं. नरेलने तिला थेट वरच्या वाफ्यात नेलं. तिथे ग्रेव्हिलियाची दोन झुडपं होती. पलीकडच्या डोंगरावरची ही जात वणव्यात समूळ गेली होती, उरली ती एवढीच. आणि दोन्ही झुडपांचा तुरा न् तुरा बारीक जाळीच्या पिशवीत बांधलेला.

ते काम मर्वचं. मर्व म्हणजे गावातला जुना औषधवाला, बागेत नरेलसारखाच बिनपगारी. एकट्या झुडपाला बी धरत नसे, म्हणून एका झुडपाचा पराग तो ब्रशने दुसऱ्याला लावायचा आणि लगेच पिशवी बांधायचा. खालच्या वाफ्यात शोभेच्या ग्रेव्हिलिया होत्या. त्यांचा पराग पक्ष्यांनी वर आणला, तर बी भेसळीचं निघणार, म्हणजे डोंगरावर लावायला निरुपयोगी. नरेल हे दर गुरुवारी लोकांना हातवारे करून सांगायची.

"हे दाखवायला आणलंस?" ग्लेनिस म्हणाली. "मोजे वाळत घातलेत असं वाटतंय."

"आत फुलं आहेत गं. जगात दुसरीकडे कुठे नाहीत."

"असतील बाई. मला तर पिशव्याच दिसतायत. चल, चहा कुठे मिळतो इथे?"

नरेलच्या डोक्यात सणक गेली. मर्व आसपास नव्हता. तिने गाठ सोडली, मग दुसरी, आणि बघता बघता दोन्ही झुडपांच्या पुढच्या सगळ्या फांद्या उघड्या केल्या. तांबूस फुलं, केशरी टोकांची, कोळ्याच्या पायांसारखी वळलेली. ग्लेनिस वाकून बघू लागली.

"अगं, खरंच सुंदर आहेत," ती म्हणाली आणि तिने फोन काढला. हे वाक्य ऐकायला नरेल जन्मभर थांबली होती.

तेवढ्यात खालच्या वाफ्यातून एक मधपक्षी वर आला. त्याचं कपाळ परागाने पिवळं झालं होतं. त्याने एका तुऱ्यात डोकं घातलं, मग दुसऱ्यात, मग पलीकडच्या झुडपावर उडाला. "हलू नकोस हां, काय फोटो येतोय," ग्लेनिस कुजबुजली. हात उचलला असता तरी पक्षी उडाला असता. नरेलने हात उचलला नाही.

बहीण चहाला गेल्यावर तिने सगळ्या पिशव्या पुन्हा बांधल्या, अगदी मर्वच्याच गाठीने. मर्वचा पराग आधीच लागला असेल, असं तिने स्वतःला बजावलं.

डिसेंबरात कधी नव्हे एवढं बी धरलं. मर्व बियांचा डबा घेऊन चहाच्या टेबलाशी आला. "ही नरेलची कृपा," तो सगळ्यांना म्हणाला. "बाई पहाऱ्याला असते, म्हणून कुणी पिशव्यांना हात लावत नाही." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नरेलचे कान तापले, आणि तरी ती हसली.

जानेवारीत, तिथल्या ऐन उन्हाळ्याच्या भट्टीत, दोनातलं एक झुडूप वाळून गेलं. नरेलला रडू फुटलं. मर्वनेच तिची समजूत घातली, "बी आहे ना आपल्याकडे. पुढच्या आठवड्यात रोपवाटिकेत देतोय." आता मात्र गप्प राहणं तिला झेपेना.

पुढच्या गुरुवारी ती केक घेऊन आली. बागेतल्या मंडळींचा रिवाजच होता: ज्याच्या हातून काही बिघडलं त्याने केक आणायचा, सगळ्यांनी हसत खायचा, की विषय संपला.

"कुणाला मारलंस गं?" कुणीतरी लांबून विचारलं.

"मर्व," नरेल म्हणाली, "पिशव्या मी सोडल्या होत्या. सप्टेंबरात, बहिणीला दाखवायला. खालचा पक्षी आला होता. दोन्ही झुडपांवर बसला."

हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. केकने भागण्यासारखं हे नव्हतं, हे केक ठेवतानाच तिला कळलं होतं.

"कुठल्या पिशव्या?" मर्वने विचारलं.

"पुढच्या सगळ्या."

"बी सगळं एकत्रच आहे," तो हळूच म्हणाला. "चांगलं कुठलं, ते फुलल्यावरही नक्की सांगता येत नाही. भेसळ डोंगरावर पाठवता येत नाही."

रोपवाटिकेत द्यायला आणलेला बियांचा डबा त्याने एका भांड्यात उपडा केला आणि चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी त्यावर ओतलं, उगवायला नको म्हणून. नरेल शिव्या खायच्या तयारीने आली होती. चार शब्द सुनावले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी मी खाली रोपवाटिकेतच होतो गं," मर्व म्हणाला. "हाक मारायचीस. एक तुरा मीच उघडून दाखवला असता, पक्षी हाकलत उभा राहिलो असतो." भांड्यातलं बी हळूहळू तळाला बसत होतं. त्याने किटली खाली ठेवली.

"आवडली ना तिला फुलं?"

नरेलला वर बघवेना. "हो," ती म्हणाली.